पदवीची उचल

बारावीचा निकाल लागला कीं आमच्या अकोले तालुक्यांत घरोघर दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. मुलानें आतां शिकावयाचें कीं कमवावयाचें, हा पहिला. आणि शिकावयाचें तर पैसा कोठून आणावयाचा, हा दुसरा. प्रवरेच्या कांठचा थोडासा बागायती भाग सोडला, तर राजूरपासून रतनवाडीपर्यंत आणि कळसूबाईच्या पायथ्याच्या वाड्यावस्त्यांतून हे दोन्ही प्रश्न भातशेतीच्या एका पिकावर सोडवावे लागतात, आणि तें पीक मुलाच्या फीचा विचार करून येत नसतें. अशा घरांत जेव्हां कोणी येऊन म्हणतो कीं, ‘मुलास आजच नोकरी देतों, पगारही देतों, आणि नोकरी करतां करतां त्याची पदवीही पुरी करवितों,’ तेव्हां बापास तो माणूस देवासारखा वाटावा यांत नवल नाहीं.

अशा योजना आतां राज्यांत व देशांत रूढ होत चालल्या आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें शिक्षण व उद्योग यांची सांगड घालण्याचें तत्त्व मान्य केलें. त्याच वर्षीं विद्यापीठ अनुदान आयोगानें शिकाऊ उमेदवारी अंतर्भूत असलेल्या पदवी अभ्यासक्रमांचे मार्गदर्शक नियम काढले. मोठ्या संगणक कंपन्या बारावी झालेलीं मुलें घेऊन त्यांस वर्षभर तयार करतात, कामावर ठेवतात आणि बरोबरीनें एखाद्या विद्यापीठाची पदवी घेण्याची सोय करून देतात; आमच्या राज्याच्या शालेय शिक्षण विभागानेंही २०२२ सालीं एचसीएल या कंपनीशीं अशा स्वरूपाचा करार केला होता. म्हणजे शाळा व कंपनी यांचा एक करार, कंपनी व विद्यार्थी यांचा दुसरा, आणि विद्यार्थ्याचा बाप जामीन राहतो तो तिसरा, असा हा तिहेरी कागद आहे. पहिल्यावर सह्या होतात तेव्हां छायाचित्रें निघतात. दुसऱ्या व तिसऱ्यावर सह्या होतात तेव्हां ते कागद कोणी वाचीतही नाहीं. आमच्या आजच्या लेखाचा विषय हे न वाचलेले दोन कागद होत.

प्रथमच सांगून टाकतों कीं, या योजनांचे आम्ही शत्रु नाहीं. काम करतां करतां शिकणें यांत कमीपणा मानणारी जी पांढरपेशी वृत्ति, तिच्याविरुद्ध महाराष्ट्रांतील सुधारकांनीं शंभर वर्षें लेखणी झिजविली आहे. ज्या घरांत पदवी या वस्तूचें दर्शनच झालेलें नाहीं, तेथें ती पगारासह येत असेल तर तिचें स्वागतच केलें पाहिजे. परंतु स्वागत करणें निराळें आणि डोळे मिटणें निराळें. नगर जिल्ह्यांतील माणसास ‘उचल’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाहीं. ऊसतोडीच्या हंगामापूर्वीं मुकादम उचल देतो, ती लग्नांत किंवा दुखण्यांत खर्च होते, आणि मग हंगामभर कोयता चालवून ती फेडावयाची; फिटली नाहीं तर बाकी पुढच्या हंगामाच्या खात्यावर चढते. उचल हें अन्न असतें आणि दावेंही असतें. आमचा प्रश्न एवढाच आहे कीं, कंपनीनें भरलेली महाविद्यालयाची फी ही देणगी आहे, वेतनाचा भाग आहे, कीं पदवीच्या नांवानें दिलेली उचल आहे? याचें उत्तर जाहिरातींत मिळत नाहीं. तें करारांतील कलमांत मिळतें.

शिक्षणाच्या बदल्यांत सेवा, हा व्यवहार महाराष्ट्रास नवा नाहीं. त्याचे तीन निरनिराळे नमुने आमच्या इतिहासांत आहेत, आणि आजच्या करारांची पारख करावयास या तीन कसोट्या पुरेशा आहेत.

पहिला नमुना पुण्याचा. १८८० सालीं न्यू इंग्लिश स्कूल निघालें, १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारींत फर्ग्युसन कॉलेज उघडलें. या संस्थेच्या आजीव सभासदांनीं अल्प वेतनावर वीस वर्षें सेवा करण्याचें बंधन स्वतःवर घालून घेतलें. आगरकर त्या बंधनांतच १८९५ सालीं निवर्तले. गोखल्यांनीं आपली मुदत पाळून मगच संस्था सोडली. टिळकांनीं मात्र १८९० च्या अखेरीस राजीनामा दिला. राजीनाम्यामागील वादांत अनेक गोष्टी होत्या, परंतु आजीव सभासदानें वेतनाखेरीज बाहेरून कांहीं मिळवावें कीं नाहीं आणि संस्थेबाहेरच्या कामास वेळ द्यावा कीं नाहीं, हा त्यांतील एक मुख्य मुद्दा होता. एकाच ध्येयानें भारलेल्या, कायदा व तर्कशास्त्र कोळून प्यालेल्या पुरुषांतही बंधनाच्या अर्थाविषयीं असा मतभेद होऊं शकला, तर सतरा वर्षांचा मुलगा व त्याचा शेतकरी बाप यांस मोघम शब्दांचा करार काय कळणार? तथापि या नमुन्यांतील मोठी गोष्ट ही कीं, ज्यांनीं स्वतःस बांधून घेतलें तेच संस्थेचे चालक होते. बंधन घालणारा आणि बंधन पाळणारा यांच्यांत तेथें भेद नव्हता. ते सर्व सज्ञान होते, बहुतेक पदवीधर होते, आणि त्यांस संस्थेच्या सभेंत मत होतें.

दुसरा नमुना बडोद्याचा. सयाजीराव महाराजांनीं भीमराव आंबेडकर यांस परदेशांतील उच्च शिक्षणासाठीं शिष्यवृत्ति दिली. तिच्याबद्दलचा करार ४ जून १९१३ रोजीं झाला. ठरविलेल्या विषयांचा अभ्यास करीन आणि शिक्षण पुरें झाल्यावर दहा वर्षें बडोदें संस्थानची नोकरी करीन, असें त्यांत लिहून दिलेलें होतें. महाराजांचें औदार्य निर्विवाद आहे. त्या शिष्यवृत्तीवांचून कोलंबिया विद्यापीठाचीं दारें त्या वेळीं उघडलीं नसतीं. परंतु १९१७ सालीं आंबेडकर करार पाळण्यासाठीं बडोद्यास आले तेव्हां काय झालें? ज्या राज्याची दहा वर्षें चाकरी करण्यास ते बांधलेले होते, त्या राज्याच्या राजधानींत त्यांस राहावयास जागा मिळेना. पारशी सराईंत नांव बदलून उतरावें लागलें, आणि थोड्याच दिवसांत लाठ्या घेतलेल्या लोकांनीं त्यांस तेथूनही बाहेर काढलें. कचेरींत शिपाई कागद दुरून टाकीत. शेवटीं त्यांस मुंबईस परतावें लागलें. या प्रकरणाकडे सामाजिक अन्यायाची कथा म्हणून आम्ही पाहतों तें योग्यच आहे. परंतु वकिलाच्या दृष्टीनें पाहिलें तर त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. करारांत विद्यार्थ्याची मुदत लिहिली होती. ती मुदत त्यानें माणसासारखी काढावी म्हणून राज्यानें काय करावयाचें, हें त्यास कोणी लिहून दिलें नव्हतें. एका पक्षाचें बंधन शाईनें लिहिलेलें आणि दुसऱ्या पक्षाचें बंधन सद्भावनेवर सोडलेलें, अशी ती स्थिति होती. महाराजांची सद्भावना खरी होती, पण ती सराईच्या दारापर्यंत पोहोंचली नाहीं.

तिसरा नमुना साताऱ्याचा. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली. १९४० सालीं साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल व १९४७ सालीं छत्रपति शिवाजी कॉलेज हीं त्यांनीं ‘कमवा व शिका’ या तत्त्वावर उभारलीं. मुलांनीं शेतांत, बांधकामावर, वसतिगृहांत राबावें आणि त्या श्रमावर शिकावें, असा हा व्यवहार होता. याचें मर्म पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. येथें श्रम आधीं अथवा बरोबरीनें आहेत आणि शिक्षण त्यांचें मोल आहे. मुलगा पदवी घेऊन बाहेर पडला तेव्हां त्याच्या मानेवर संस्थेची उचल नव्हती. पुढें अनेक जण तेथेंच शिक्षक झाले, संस्थेस वाहून घेऊन राहिले, पण तें कृतज्ञतेनें. दंडाच्या भयानें नव्हे.

आतां हे तीन नमुने समोर ठेवून आजच्या करारांकडे पाहावें. त्यांची भाषा साताऱ्याची असते, कारण ‘कमवा व शिका’ हे शब्द गोड आहेत. त्यांची मुदत पुण्याच्या धर्तीची असते, म्हणजे तीन वर्षें किंवा पांच वर्षें सेवा करण्याची. आणि त्यांची रचना मात्र बडोद्याची असते: विद्यार्थ्यानें काय करावें हें दहा कलमांत आणि कंपनीनें काय करावें हें ‘कंपनीच्या धोरणानुसार’ या दोन शब्दांत. सगळेच करार असे असतात असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु जो करार असा नाहीं, त्याच्या चालकांस आमच्या टीकेनें दुखण्याचें कारण नाहीं.

कायदा याविषयीं काय म्हणतो तें आमच्या वाचकांनीं नीट समजून घ्यावें, कारण अज्ञानाइतका मोठा दंड दुसरा नाहीं. बारावी झालेला मुलगा पुष्कळदां अठरा वर्षांचा झालेला नसतो. १८७२ च्या करार कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणें अज्ञान इसमास करार करण्याची पात्रता नाहीं, आणि मोहोरीबिबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलनें १९०३ सालींच ठरविलें कीं, असा करार मुळापासून शून्य होय. मुंबई हायकोर्टापुढें १९४९ सालीं राज राणी विरुद्ध प्रेम अदीब हा खटला आला. एका अज्ञान नटीच्या वतीनें तिच्या बापानें चित्रपट निर्मात्याशीं करार केला होता. निर्मात्यानें तो मोडला. न्यायालयानें सांगितलें कीं, या करारावर मुलीस किंवा बापास दावा लावतां येणार नाहीं. लोकांस वाटतें कीं अज्ञानाचा करार शून्य म्हणजे मुलाचा फायदाच. हा खटला उलट शिकवितो. मुलगा बांधला जात नाहीं हें खरें, पण मग कंपनीनें ‘पदवी करवितों’ म्हणून दिलेलें वचनही त्यास न्यायालयांत उगवून घेतां येत नाहीं. शून्य कागद दोन्ही बाजूंनीं शून्य असतो.

मात्र बापाची गोष्ट निराळी आहे. अज्ञानाच्या कर्जास जो जामीन राहिला तो स्वतः बांधला जातो, असें मुंबई हायकोर्टानें फार पूर्वींच ठरविलेलें आहे. म्हणजे मुलाची सही कांहीं कामाची नाहीं आणि बापाची सही मात्र पक्की, असा विचित्र परिणाम होतो. मुलगा नोकरी सोडून आला तर नोटीस कोणाच्या नांवें येईल हें यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल. म्हणून आमचें पहिलें सांगणें असें कीं, मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावांचून असा करारच होऊं नये. आणि झाला तर तो शिकाऊ उमेदवारीच्या कायद्याखालीं, जेथें पालकानें मुलाच्या वतीनें करार करण्याची व तो नोंदविण्याची रीतसर तरतूद आहे, त्या चौकटींत व्हावा.

आतां सज्ञान मुलाचा विचार करूं. मुदतीपूर्वीं नोकरी सोडल्यास अमुक रक्कम भरावी, हें कलम बेकायदेशीर आहे काय? सरसकट नाहीं. निरंजन शंकर गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग या खटल्यांत सुप्रीम कोर्टानें १९६७ सालीं सांगितलें कीं, नोकरीची मुदत चालू असतां घातलेला वाजवी निर्बंध हा २७ व्या कलमानें शून्य होणारा व्यापारप्रतिबंध नव्हे. तो खटला आमच्या कल्याणजवळच्या कारखान्याचाच होता, आणि पांच वर्षांचा करार मोडून दुसऱ्या कारखान्यांत गेलेल्या नोकराविरुद्धचा मनाईहुकूम कायम राहिला. मे २०२५ मध्यें विजया बँकेच्या खटल्यांत त्याच न्यायालयानें तीन वर्षांची मुदत व दोन लक्ष रुपयांची रक्कम हीं दोन्ही उचित ठरविलीं. हा निकाल हातीं धरून आतां जो तो दोन लक्षांचें कलम घालूं पाहील, म्हणून त्याचा मर्यादित अर्थ सांगणें अवश्य आहे. तेथें नोकर हा बँकेचा वरिष्ठ अधिकारी होता, त्याचें वेतन मोठें होतें, आणि सार्वजनिक बँकेस त्याची जागा भरण्यासाठीं पुन्हा जाहीर स्पर्धा घेण्याचा खर्च येणार होता. छापील नमुन्याचे करार दुर्बळ पक्षावर लादले जातात, आणि असें कलम सार्वजनिक हिताविरुद्ध नाहीं हें सिद्ध करण्याचा भार प्रबळ पक्षावर म्हणजे मालकावर असतो, हेंही न्यायालयानें त्याच निकालांत ध्यानीं घेतलें आहे. बँकेच्या अधिकाऱ्याचें माप राजूरच्या अठरा वर्षांच्या मुलास लावणें हा निकालाचा अर्थ नव्हे, तो निकालाचा दुरुपयोग होय.

शिवाय ७४ वें कलम आहेच. करारांत दंडाची रक्कम कितीही मोठी लिहिली तरी न्यायालय वाजवी नुकसानभरपाईच देवविते, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. हें तत्त्व सुप्रीम कोर्टानें १९६३ सालच्या फतेहचंदच्या खटल्यांत स्पष्ट केलें. समजा, कंपनीनें मुलाची तीन वर्षांची साठ हजार रुपये फी भरली आणि करारांत दोन लक्षांचा दंड लिहिला. मुलगा पदवी घेऊन, आणखी दोन वर्षें काम करून गेला, तर कंपनीचें नुकसान दोन लक्षांचें झालें असें कोण शहाणा म्हणेल? आणि न्यायालय कोणासही हात धरून चाकरीवर बसवीत नाहीं, हेंही लक्षांत असावें. परंतु हें सारें न्यायालयांत गेल्यावरचें. आमच्या तालुक्यांतील मुलगा न्यायालयापर्यंत जात नाहीं. तो नोटिशीच्या कागदासच भितो. करारांतील दंडाचें कलम वसुलीसाठीं नसतें. तें भिवविण्यासाठीं असतें, आणि तें काम तें उत्तम करतें.

मग न्यायाचा मार्ग कोणता? तो शोधावयास दूर जाण्याचें कारण नाहीं; १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या २२ व्या कलमांत तो लिहून ठेवलेला आहे. शिक्षण संपल्यावर उमेदवारानें मालकाकडे नोकरी करावी अशी अट करारांत असेल, तर मालकही त्यास योग्य नोकरी देण्यास बांधलेला राहील, असें तें कलम म्हणतें. एवढेंच नव्हे, तर सेवेची मुदत किंवा वेतन वाजवी नाहीं असें शिकाऊ उमेदवारी सल्लागारास वाटलें, तर तो तीं बदलूं शकतो. या दोन वाक्यांत सारें नीतिशास्त्र आलें. बंधन असावें, पण दुहेरी असावें. आणि तें वाजवी आहे कीं नाहीं हें पाहणारा तिसरा मनुष्य असावा. जे करार या कायद्याबाहेर होतात, त्यांतही हींच दोन वाक्यें घालण्यास प्रामाणिक मालकास अडचण कोणती?

आतां पदवीच्या कलमाकडे वळूं. करारांत नुसतें ‘पदवी शिक्षणाची सोय केली जाईल’ असें लिहिलेलें असेल, तर पालकांनीं पांच प्रश्न विचारावे. पदवी कोणत्या विद्यापीठाची, आणि तें आयोगाच्या मान्यतेचें आहे काय? फी कंपनी भरणार ती पगारांतून कापून कीं पगाराखेरीज? परीक्षेच्या व अभ्यासाच्या दिवसांची रजा पगारी आहे काय, कीं परीक्षेच्या आदल्या रात्रीं मुलास रात्रपाळी करावी लागेल? मुलगा एखाद्या वर्षीं नापास झाला तर नोकरी राहील काय, आणि फीची वसुली होईल काय? आणि शेवटचा, सर्वांत मोठा प्रश्न: पदवी मिळाल्यावर काय? पद बदलेल, वेतन वाढेल, कीं बारावीच्या पगारावरच पदवीधर राबेल? पदवीची किंमत सरकारनेंही आंकड्यांत मान्य केली आहे. २०२४ सालीं निघालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेंत बारावी झालेल्यास दरमहा ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकास ८,००० व पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठरलें. ज्या करारांत पदवीनंतर एका रुपयाचाही फरक लिहिलेला नाहीं, त्या करारांत पदवी हें आमिष आहे, मोबदला नव्हे.

एक सहावी गोष्टही पाहावी. नव्या धोरणाप्रमाणें एक वर्षानें प्रमाणपत्र, दोन वर्षांनीं पदविका, तीन वर्षांनीं पदवी अशा पायऱ्या ठरल्या आहेत, आणि मिळविलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या नांवावर जमा राहतात. म्हणून दुसऱ्या वर्षीं नोकरी सुटली तरी मुलाचें दोन वर्षांचें शिक्षण बुडतां कामा नये. तें त्याच्या खात्यावर राहील, असें करारांत लिहून घ्यावें. आणि मूळ प्रमाणपत्रें कोणाच्याही हातीं गहाण पडूं देऊं नयेत. महाविद्यालयांनीं मूळ कागदपत्रें अडवून ठेवूं नयेत असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८ चा स्पष्ट आदेश आहे. जें महाविद्यालयास वर्ज्य, तें कंपनीस शोभेल काय?

फुकट मिळतें म्हणून जें घ्यावयाचें त्याच्यासाठीं काय सोडावें लागतें, याचाही हिशेब मांडला पाहिजे. अनुसूचित जाति व जमातींच्या मुलांस मिळणारी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति ही पूर्णवेळ नोकरदारासाठीं नाहीं. पूर्ण वेळच्या नोकरीचा शिक्का बसला कीं ती हातची जाण्याचा संभव असतो. महादेव कोळी व ठाकर समाजाच्या मुलांस शासकीय वसतिगृहाचा आधार आहे, तोही नियमित विद्यार्थ्यासाठीं. मुलींच्या बाबतींत तर हिशेब आणखी निराळा. आठ लक्षांच्या आंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारनें जुलै २०२४ मध्यें घेतला. जी फी सरकारच माफ करतें, ती भरल्याबद्दल कंपनीस तीन वर्षें लिहून देणें म्हणजे आपल्याच विहिरीचें पाणी विकत घेणें होय. मुलगी नोकरीस लागली हें ऐकून आनंद मानणाऱ्या बापानें तिला विनामूल्य मिळणारी अभियंत्याची किंवा वकिलाची पदवी आपण बदल्यांत तर दिली नाहीं ना, एवढें पाहावें.

येथें शाळांचा व महाविद्यालयांचा धर्म काय? आमच्या गांवांतील महाविद्यालयास अगस्तींचें नांव आहे आणि विज्ञान शाखेस दादासाहेब रूपवते यांचें. एक नांव विद्येच्या प्राचीन परंपरेचें, दुसरें आंबेडकरी चळवळीचें. बडोद्याच्या करारांत कोणतें वाक्य लिहावयाचें राहून गेलें, हें ज्या चळवळीनें देशास दाखविलें तिचें स्मरण येथें नित्य होत असतें. अशा गांवांतून जो करार होईल तो इतर तालुक्यांस कित्ता व्हावा. शिक्षणसंस्था कंपनीशीं हातमिळवणी करते तेव्हां ती विद्यार्थ्याच्या वतीनें करते. कंपनीची भरतीची कचेरी म्हणून नव्हे. म्हणून कंपनी विद्यार्थ्याशीं जो करार करणार त्याचा मसुदा संस्थेच्या करारासच जोडलेला असावा. तो मराठींत असावा. तो पालकसभेंत कलमवार वाचून दाखवावा. सहीपूर्वीं विचार करावयास निदान पंधरा दिवस द्यावे. आणि किती मुलें गेलीं, किती पदवीधर झालीं, किती मध्येंच परतलीं, याचा दाखला संस्थेनें दरवर्षीं फलकावर लावावा. हें करावयास वकिलाचा खर्चही नको. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याखालीं तालुका विधि सेवा समित्या आहेतच. सभेंत येऊन करार समजावून सांगणें हें त्यांच्या कामांतच मोडतें.

व्यापारी बंधूंस दोन शब्द. आपल्या पेढ्यांवर, दुकानांत, पतसंस्थांत, दूध संघांत जीं मुलें काम करतात, त्यांच्यापैकीं कित्येकांस पुढें शिकण्याची इच्छा असते. नाशिक, सिन्नर किंवा चाकणचा कारखाना जें देतो म्हणून ऐकतों, तें आपणही आपल्या मापानें देऊं शकतां: परीक्षेची रजा, मुक्त विद्यापीठाची फी, आणि पदवीनंतर पगारांत ठरलेली वाढ. शिकविलेला मुलगा निघून जाईल ही भीति आम्हांस ठाऊक आहे, आणि ती अगदींच खोटी नाहीं. त्यावरचा उपाय असा कीं, भरलेली फी दरवर्षीं ठराविक हिश्श्यानें फिटत जावी. तीन वर्षांची मुदत असेल तर पहिल्या वर्षीं सोडणाऱ्यानें दोन तृतीयांश, दुसऱ्या वर्षाअखेर सोडणाऱ्यानें एक तृतीयांश परत द्यावें, तिसरें वर्ष संपलें कीं खातें बंद. यांत मालकाचा पैसा बुडत नाहीं आणि मुलाचा गळा आवळला जात नाहीं. जमाखर्च जाणणाऱ्यास यापेक्षां सरळ हिशेब कोणता सांगावा? आणि अनुभवी व्यापारी जाणतो कीं, दंडानें अडविलेला कारकून गल्ल्याजवळ बसविण्याच्या लायकीचा नसतो.

कोणी म्हणतील कीं, आधींच आडवळणाचा तालुका; त्यांत इतक्या अटी घातल्या तर कंपन्या येथें फिरकणारच नाहींत, आणि मग अटीही राहतील व मुलेंही बेकार राहतील. हा आक्षेप हलका नाहीं, म्हणून त्याचें उत्तर सरळ देतों. कंपन्या आमच्या मुलांस घेतात त्या दयेनें घेत नाहींत. बारावी झालेलें कष्टाळू मूल, जें घरापासून दूर राहण्यास तयार आहे, काटकसरी आहे आणि चार वर्षें टिकण्याचा संभव आहे, तें त्यांस हवें असतें. ज्या मालकास टिकणारा मनुष्य हवा, त्यास वाजवी करार परवडतो. कारण समाधानी मनुष्य टिकतो. वाजवी कलम ऐकूनच जो मालक पाठ फिरवितो, त्याला मनुष्य नको होता, उचल घेतलेला मजूर हवा होता. आणि असा मजूर पुरविण्यासाठीं शाळा काढलेल्या नाहींत. १९७६ च्या कायद्यानें आगाऊ रकमेच्या बदल्यांत माणूस बांधून ठेवण्याची वेठ देशांत बंद केली. पदवीचे करार म्हणजे ती वेठच आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण ज्या डोंगरी भागांतील लोकांनीं वेठ व सावकारी या दोन्ही गोष्टी पिढ्यान् पिढ्या भोगल्या, त्यांच्या मुलांपुढें आगाऊ पैशाचा कागद ठेवतांना सुशिक्षितांनीं दहादां विचार करावा, एवढें मागणें अतिशयोक्तीचें नाहीं.

या निकालाच्या हंगामांत ज्या कोणा पालकापुढें असा कागद येईल, त्यास आमचें सांगणें थोडक्यांत असें. मुलाचें वय पाहा. पदवीनंतरचें पद व वेतन लिहून घ्या. दंड वर्षागणिक घटता आहे कीं नाहीं पाहा. मालकावरही तितकेंच बंधन आहे कीं नाहीं पाहा. हीं चार कलमें असतील तर खुशाल सही करा आणि मुलास आशीर्वाद देऊन पाठवा. नसतील तर शाळेच्या मुख्याध्यापकांकडे जा व तीं घालून मागा. एकट्यानें मागितलें तर तक्रार होते, वीस पालकांनीं मिळून मागितलें तर तो करार होतो. आणि मुख्याध्यापकांनीं ‘कंपनी ऐकणार नाहीं’ असें सांगितलें, तर कंपनीस विचारलें होतें काय, एवढाच प्रश्न त्यांस करा.